जनाबाईच्या नावाची विडी

मोहटोल्याची जनाबाई वारली ती एकोणीसशे एकोणसत्तर साली, पोळ्याच्या आठवड्यात. आणि विड्या वळायची थांबली ती पंच्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीला. मधली पंधरा-सोळा वर्षं, सणवार सोडले तर, तिनं रोजच्या हजार विड्या वळल्या. एक दिवस खाडा नाही. तुलारामच्या रजिस्टरात सत्तेचाळीस नंबरपुढं तिचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होतं. वरून येणारा चेकर म्हणायचा, या म्हातारीच्या हाताला तोड नाही, हिच्या विडीचं तोंड कसं कळीसारखं मिटतं बघा.

हात अर्थातच जनाबाईचा नव्हता. तिची थोरली सून शकुनबाई, तिचा होता.

आता ज्यांनी लाखनीकडचा विडीचा धंदा पाहिला नाही त्यांना हे नवल वाटेल, म्हणून जरा सांगायला हवं. नगारा छाप विडीची मोठी कंपनी. माल पार कलकत्त्यापर्यंत जायचा. गावात कंपनीचा माणूस असे, त्याला सट्टेदार म्हणत; मोहटोल्याचा सट्टेदार तुलाराम. तो बायांना तेंदूचा पत्ता आणि तंबाखू तोलून द्यायचा, दुसऱ्या दिवशी तयार विड्या मोजून घ्यायचा, वाईट निघतील त्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. रजिस्टरात घरामागे एक नाव. सूप मांडीवर घेऊन घरातले सगळेच बसत. लहानग्या पोरी तोंडं मिटत, कारण बोट जितकं बारीक तितकं तोंड नेटकं. पण नाव एकच. आणि नवीन नाव कंपनी घ्यायची नाही. विडी कामगारांचा कायदा आला तेव्हापासून तर मुळीच नाही. म्हणून जुनं नाव चालू ठेवायचं, माणूस असो की नसो.

लोकांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. वावर नाही का बापाच्या नावावर चालत, तसा नंबर सासूच्या नावावर. जनाबाईच्या तिसऱ्या दिवशी तुलाराम दुखवट्याला आला, चहा प्याला, डोळे पुसले, आणि जाताना हळूच म्हणाला की सत्तेचाळीस बंद करू नका, कोण बसणार ते ठरवा. झालं. त्या नंबरावरून शकुनबाईची आणि धाकट्या जावेची, कौशल्याबाईची, अशी जुंपली की तेराव्याला आलेले पाव्हणे जेवण सोडून मजा पाहत बसले. कौशल्याबाईचं म्हणणं, शेवटच्या दुखण्यात सासूचं सगळं मी केलं. शकुनबाईचं म्हणणं, सासूनं पत्ता कापायची कैची आपल्या हातानं माझ्या हातात दिली. शेवटी घरच्या पुरुषांनी थोरलीच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवशी शकुनबाई एकवीस वर्षांची होती, कडेवर दोन वर्षांची सुलोचना होती, आणि मेलेल्या बाईचं नाव आपल्याला मिळालं याचा तिला इतका आनंद झाला होता की तिनं शेजारणींना गूळ वाटला. कौशल्याबाई पुढं कितीतरी दिवस त्या गुळाचा हिशेब काढायची.

चौऱ्याहत्तर साली कंपनीच्या मालकानं, गोपीचंद सेठनं, मोहटोल्याला शाळा बांधून दिली. तोवर शाळा मारुतीच्या देवळात भरायची, आणि शनिवारी पूजेला लोक आले की गुरुजी वर्ग उठवून पिंपळाखाली न्यायचे. सेठनं पक्क्या विटांच्या तीन खोल्या दिल्या, वर सिमेंटचे पत्रे, दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. उद्घाटनाला मंडप, लाऊडस्पीकर, पोरांना बुंदी. सेठ भाषणात म्हणाला की शिकलेला कामगार ही देशाची दौलत आहे, माझ्या कामगारांचं एकही लेकरू अडाणी राहता कामा नये. सगळ्यांत जोरात टाळ्या विडीवाल्या बायांनी वाजवल्या. शकुनबाईनं तर पोरीचा हात धरून पोरीकडूनही वाजवून घेतल्या.

आणि खोटं कशाला बोला, शाळा चांगलीच होती. पावसाळ्यात अख्खं गाव गळायचं, शाळा गळायची नाही. आनंदराव गुरुजी पोरांवर जीव टाकणारे. रोज प्रार्थनेनंतर नखं तपासायचे. विडीच्या घरची पोरं नखांवरून लांबूनच ओळखू यायची, तंबाखूनं पिवळी पडलेली. गुरुजी त्यांना मारायचे नाहीत. नुसतं बोट हातात धरून क्षणभर बघायचे आणि पुढं सरकायचे.

पण विड्या द्यायची वेळ सकाळी अकराची. म्हणजे अकरापर्यंत घरातली झाडून सगळी बोटं सुपाभोवती. गुरुजींनी बिचाऱ्यांनी शाळेची घंटा अर्धा तास पुढं ढकलली, मग तासभर. कंपनीनं आपली वेळ कधी मागं-पुढं केली नाही. पहिलीत बसलेल्या बावीस पोरींपैकी सातवीला पोचल्या दोन. एक पोलीस पाटलाची, आणि दुसरी शकुनबाईची सुलोचना.

ही सुलोचना म्हणजे एक वेगळंच प्रकरण. दहा वर्षांची असताना माल द्यायला मायसोबत तुलारामच्या ओसरीवर गेली. रांग मोठी. ओसरीच्या भिंतीवर एक छापील कागद डकवलेला होता. कायद्यानं लावावा लागतो म्हणून कंपनीनं लावलेला, तीन वर्षांत कोणी त्याकडं मान वळवून पाहिलं नव्हतं. पोरगी उभ्या उभ्या मोठ्यानं वाचत सुटली. कामगारास वर्षाची भरपगारी रजा. बाळंतपणात रजा. पिण्याचं पाणी. रांगेतल्या बाया हसून हसून बेजार झाल्या. एक म्हणाली, बाळंतपणात रजा कोणाले व, आपल्याले? मी तं गोविंदाच्या येळेस बाजेवर बसून तोंडं मिटली. तुलारामही हसला. पण आठ दिवसांनी पाहतात तर त्या कागदावर कंपनीचं लक्ष्मीचं कॅलेंडर टांगलेलं. आणि तुलारामनं शकुनबाईला गोडीत सांगितलं की वहिनी, पोरीचा अभ्यास मोडतो, माल द्यायला तिला आणत जाऊ नका.

ऐंशी साली सुलोचना सातवी पास झाली, आणि साधी नव्हे, केंद्रात पहिली. गुरुजी निकाल घेऊन स्वतः घरी आले. पण आठवी लाखनीला. मोहटोल्याहून आठ किलोमीटर. एस.टी.चा पास, वह्या-पुस्तकं, वर घालायला एक धड कपडा. सुलोचनाचा बाप भोजराज भला माणूस, दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या वावरात, राबणारा. तो म्हणाला, पोरीच्या जातीनं सात पुस्तकं वाचली, माह्यापेक्षा सात जास्त झाली. यात त्याला मोडता घालायचा नव्हता, त्याच्याकडं दुसरं काही बोलायलाच नव्हतं.

तेव्हा गुरुजींनी सांगितलं की विडी कामगारांच्या लेकरांसाठी सरकारनं शिष्यवृत्ती काढली आहे. तेवढ्यात पोरगी सहज शिकेल. अर्जाला एकच गोष्ट जोडावी लागते, मायबाप किंवा पालक विडी कामगार असल्याचं कंपनीचं कार्ड. मुदत जुलैअखेर.

शकुनबाई तुलारामकडं गेली. तो आधी हसला, मग तिचं तोंड पाहून थांबला. वहिनी, तुम्ही कंपनीच्या कामगार आहात असं कोणी सांगितलं, रजिस्टरात तुम्ही कुठं आहात, असं म्हणाला. हे त्यानं टोचून म्हटलं नव्हतं. खरंच होतं ते. शकुनबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा रजिस्टर उलटं धरून का होईना, सत्तेचाळीस नंबरच्या ओळीवर बोट फिरवलं. ती चौथी शिकलेली होती, आपलं नाव वाचता यायचं. तिथं ते नव्हतं. घरी येऊन ती सुपाशी बसली, आणि भोजराजनं सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी तिच्या दीडशे विड्या छाट निघाल्या. असं कधी झालं नव्हतं.

मग ती साकोलीला गेली, सेठच्या पेढीवर. सोबत गुरुजींची चिठ्ठी. सेठनं तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. सेठनं पाणी मागवलं. वाईट माणूस नव्हता तो. मोहटोला म्हटल्याबरोबर त्यानं पहिलं विचारलं ते शाळेबद्दल.

"छत गळत नाही ना?"

"नाई जी. गावात तेवढंच एक गळत नाई."

सेठ खूश झाला. पोरगी केंद्रात पहिली आली म्हटल्यावर तर त्यानं मुनीमाला हाक मारून एक डझन वह्या आणायला लावल्या, कव्हरावर नगारा छापलेल्या. त्या शकुनबाईच्या हातात दिल्या. मग गुरुजींची चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, आणि घडी घालून परत दिली.

"देखो बाई," तो म्हणाला, "शाळा मी मनापासून दिली. माझा बाप अंगठा लावत होता, त्याची लाज मला अजून वाटते. पण धंदा वेगळी चीज आहे. एका बाईला कार्ड दिलं की उद्या चार हजार बाया दारात उभ्या. मग फंड द्या, रजा द्या, बोनस द्या. आणि सच सांगू? तुझी एक पोरगी शिकली, मला आनंद आहे. साऱ्याच शिकल्या तर माझी विडी कोण वळणार?"

शकुनबाई वह्या छातीशी धरून उभी होती. तिनं विचारलं, "मंग शाळा कायले बांधली जी?"

यात टोमणा नव्हता. तिला खरोखर कळून घ्यायचं होतं. सेठनंही प्रश्न झटकला नाही. त्यानं तिच्यासाठी आलेल्या पाण्यातला एक घोट स्वतःच घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाला, "बांधायला पाहिजे म्हणून बांधली." पुढं शकुनबाई कोणालाही ही गोष्ट सांगताना न चुकता म्हणायची की त्या दिवशी सेठ खोटं बोलला नाही.

तोड काढली मुनीमानं. पेढीच्या पायऱ्यांपर्यंत तिच्यामागून आला आणि म्हणाला, बाई, शकुनबाईचं कार्ड होत नाही, पण जनाबाईचं व्हायला काय हरकत आहे? नाव जुनं आहे, रजिस्टरात आहे. अर्जात लिहा की पोरगी आजीजवळ राहते, आजी पालक. तपासणीला कामगार ऑफिसचा साहेब येईल तेव्हा तुम्ही जनाबाई म्हणून अंगठा द्या. मेलेली बाई बोनस मागायला येत नाही, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. शकुनबाईला ते एस.टी.त बसल्यावर उमगलं.

"मंग मी माह्या पोरीची कोण?" तिनं पायरीवरच विचारलं होतं.

"कागदावर कोणीच नाही," मुनीम म्हणाला. "कागदावरच ना, बाई."

घरी मोठा खल झाला. भोजराज म्हणाला, माय मेली तरी कामी येऊन राहिली. आनंदराव गुरुजींचा मात्र जीव खालीवर. पोरीला खरं बोलायला शिकवलं त्याच हातानं हा अर्ज साक्षांकित करायचा. दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, म्हणाले, चूक आहे, पण पोरगी घरी बसली तर ती याहून मोठी चूक. आणि सही करून टाकली. अर्ज भरला सुलोचनानंच, तिचं अक्षर गुरुजींपेक्षा सरस. पालकाचे नाव, जनाबाई. वय विचारल्यावर भोजराजनं बोटांवर मोजून अडुसष्ट सांगितलं.

मग साऱ्या गावाची तालीम सुरू झाली. साहेबासमोर कोणाच्या तोंडून शकुन निघायला नको. विहिरीवर बाया तिला जनाबाई म्हणू लागल्या, पोरंटोरं जनाआजी. कौशल्याबाईला तर पर्वणीच. रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन थोरल्या जावेपुढं वाकायची, सासूबाई पाया पडते, काल भाजीत मीठ जास्त पडलं, रागावू नका म्हणायची. शकुनबाई चुलीतलं लाकूड उचलून धावायची. दोघी हसायच्या. अकरा वर्षांचं भांडण त्या आठवड्यात मिटलं म्हणतात.

तपासणी शाळेतच झाली, सेठच्या वडिलांच्या फोटोखाली. साहेब जीपनं आला. कोवळा पोरगा, नुकता नोकरीला लागलेला. तुलाराम हजर. शकुनबाई सासूचं जुनं हिरवं लुगडं नेसून, पदर नाकापर्यंत ओढून आलेली. साहेबानं वय विचारलं, तिनं अडुसष्ट सांगितलं. साहेबानं पदराखालचे हात पाहिले, पाय पाहिले.

तो म्हणाला, माझी आई पन्नाशीची आहे, ती तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी दिसते. तुलाराम लगेच म्हणाला, मोहटोल्याचं पाणीच तसं आहे साहेब. दारात जमलेले लोक खिदळले. साहेब हसला नाही. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, तुलारामलाही. आत राहिले तो, गुरुजी, शकुनबाई आणि सुलोचना.

मग त्यानं फाईल मिटली आणि सरळ बोलला. "बाई, तुम्ही कोण ते मला दिसतं. तुम्ही तुमचं खरं नाव सांगितलं तर मी तसा अहवाल लिहीन. कंपनीला तुमचं नाव लावावंच लागेल. पण ते भांडण आहे, त्याला वेळ लागेल."

"किती दिस?"

"दोन वर्षं. तीनही लागतील."

"अन् पोरीचं?"

"हा अर्ज रद्द. खोटा म्हणून रद्द." त्यानं शिक्का जवळ ओढला. "तुम्ही जनाबाई असाल तर मी आत्ता शिक्का मारतो."

गुरुजी खाली पाहत होते. सुलोचना मायकडं पाहत होती, डोळे मोठे करून, आणि तिची मान जरा जरा नाही म्हणत हलत होती. शकुनबाईला ते दिसलं. तिच्या मनात दुसराच हिशेब चालला होता. तेरा आणि दोन पंधरा. दोन वर्षं घरी बसलेली पोरगी परत शाळेत जात नाही, तिला पाहायला पाव्हणे येतात. आपल्या नावाला अकरा वर्षं कोणी विचारलं नाही, ते आणखी थांबेल. पोरीची आठवी थांबायची नाही.

"जनाबाई," ती म्हणाली.

साहेबानं शाईची डबी उघडली. तिला सही येत होती. चौथीत माहेरच्या मास्तरांनी घोटून घेतलेली. तिनं अंगठा पुढं केला.

वाटेनं सुलोचना मायच्या चार पावलं पुढं चालली. तिसऱ्या दिवशी सुपाशी बसून तोंडं मिटता मिटता म्हणाली, "माय, तू खोटं बोलली."

"बोलली. तू नोको बोलू. तुले त्याच्यासाठीच धाडून राहिली."

पोरगी लाखनीला जाऊ लागली. आठवी झाली, नववी झाली. दर वर्षी जुलैत कार्ड पुढं करायचं आणि अंगठा द्यायचा. दहावीला सुलोचना पास झाली तेव्हा गुरुजी निवृत्त होऊन गावातच राहिले होते, तेच पेढे घेऊन आले. शकुनबाई साकोलीच्या मुनीमालाही पेढा देऊन आली. मुलगी दहावी झाली, तिला पेढीवर लिहायचं काही काम मिळेल का, असं तिनं भीत भीत विचारलं. मुनीमानं पेढा खाल्ला आणि सांगितलं, पेढीवर बायामाणसं ठेवत नाही; विडी वळायची असेल तर कधीही पाठवा. शकुनबाईनं ते घरी सांगितलं नाही. पोरीला अकरावीत घातलं.

आणि पंच्याऐंशीचा सव्वीस जानेवारी आला. सेठ झेंडावंदनाला मोहटोल्याला येणार, शाळेला चौथी खोली देण्याचं जाहीर करणार, आणि कंपनीच्या सर्वांत जुन्या कामगाराचा सत्कार करणार. तुलाराम सांगत आला की वहिनी, कागदावर सर्वांत वयस्क तुम्हीच. त्र्याहत्तर वर्षं. आता नाही म्हटलं तर कार्ड कोणाचं, असा प्रश्न निघेल. पोरगी बारावीला आहे.

ती गेली. पुन्हा तेच हिरवं लुगडं. सदतीस वर्षांची बाई स्टेजवर त्र्याहत्तर वर्षांची म्हणून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत लाऊडस्पीकरवर सांगण्यात आलं की या माउलीनं आयुष्य कंपनीला वाहिलं. सेठनं शाल पांघरली, नारळ दिला. पदराखाली वाकून त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि ओळखलं. त्याचा हात क्षणभर शालीवर थबकला. मग हलक्या आवाजात, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा, त्यानं विचारलं, "पोरगी शिकते ना?"

"शिकते जी. बारावीले हाये."

"अच्छा किया," सेठ म्हणाला. आवाज खरा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ती पत्ता घ्यायला गेली तर तुलारामनं तोललाच नाही. तो सत्कार निवृत्तीचा होता. कामगार ऑफिसाच्या तपासण्या वाढल्या होत्या, कंपनी रजिस्टर साफ करत होती. साठीच्या वरची नावं कमी. सत्तेचाळीस नंबरवर लाल रेघ मारलेली. शकुनबाई म्हणाली, मग माझं नाव लिहा. तुलाराम बराच वेळ तराजूच्या साखळ्या सोडवत राहिला. शेवटी म्हणाला, नवीन नाव घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

तिनं आरडाओरडा केला नाही. रिकामं सूप घेऊन कौशल्याबाईच्या घरी गेली आणि तिच्या सुपाशी बसली. कौशल्याबाई वेगळी निघाल्यापासून एका शेजारणीच्या नंबरावर वळायची; तिनं आपल्या वाट्याचा पत्ता अर्धा केला. तो उन्हाळा असा गेला.

सुलोचना मात्र पेटली होती. तिला त्याच रात्री अर्ज लिहायचा होता, कामगार ऑफिसाला. सोळा वर्षं काम केलेली बाई शकुनबाई आहे, जनाबाई एकोणसत्तरलाच वारली, ग्रामपंचायतीच्या दप्तरात मृत्यूची नोंद आहे. शकुनबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"हे लिवलं तं माह्या अंगठ्याचं काय?"

"तू खोटी ठरशील," सुलोचना म्हणाली. तिनं लपवलं नाही. "शिष्यवृत्ती परत मागतील. माझंही नाव निघेल, गुरुजींचंही."

"मंग पयले बारावीचे पेपर लिही. माह्यं मागून लिवजो."

निकाल जूनमध्ये लागला. सुलोचना पास. भंडाऱ्याला मास्तरकीच्या कॉलेजात तिचं नाव लागलं, पावती हातात आली, आणि आता तिला कोणी घरी बसवू शकत नव्हतं. त्याच आठवड्यात शकुनबाईनं ग्रामपंचायतीतून सासूच्या मृत्यूचा दाखला काढला. गुरुजींकडं जाऊन विचारलं की तुमचं नाव येईल, चालेल का? गुरुजी म्हणाले, येऊ दे, पेन्शन थांबवतील तर थांबवतील. सुलोचनानं अर्ज लिहिला. एका बाजूला कार्ड, एका बाजूला दाखला, मध्ये अर्ज. भोजराज म्हणाला, अवं, झोपलेल्या वाघाच्या शेपटीवर कायले पाय देतं? शकुनबाईनं सही केली आणि लाखनीच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवला.

कंपनीनं उत्तर दिलं ते एका ओळीचं. शकुनबाई नावाची बाई आमच्याकडं कधीही कामाला नव्हती, उलट तिनं मृत बाईच्या नावानं सरकारला फसवलं. प्रकरण ऑफिसातून भंडाऱ्याच्या कोर्टात गेलं. गुरुजींची चौकशी झाली, वर्षभर त्यांची पेन्शन अडली. ते पोरांच्या शिकवण्या घेऊन राहिले आणि हूं की चूं केलं नाही. शिष्यवृत्ती परत करण्याची नोटीस शकुनबाईच्या दाराला चिकटली. शाळेच्या चौथ्या खोलीचं काम त्याच पावसाळ्यात सुरू झालं, वेळेवर पुरंही झालं. छत चांगलं होतं म्हणतात.

अठ्ठ्याऐंशीपर्यंत तारखाच पडत होत्या. कधी कंपनीचा वकील आजारी, कधी रजिस्टर सापडत नाही. शकुनबाई दर तारखेला पहाटेची एस.टी. धरून भंडाऱ्याला जायची. सुलोचना तोवर तिकडंच एका गावात मास्तरीण झाली होती, सुट्टी काढून कोर्टात यायची. दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचं, मग चपराशी दारात येऊन पुकारा करायचा, शकुनबाई भोजराज. आत गेलं की पुढची तारीख. बाकावरच्या बाया म्हणायच्या, बाई, तारीखच तर देतात, एवढं ताडकन कायले उठतं? शकुनबाई पदर सावरत म्हणायची, नाव घेतलं ना व. आणि आत जायची.